हिरवळीतील हट्टी तण



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत मोठमोठे विषय आपण ऐकत आला आहात. आमचा आजचा विषय त्या मानाने फार बुटका आहे. तो जमिनीपासून चार बोटेच वर येतो. घरापुढच्या हिरवळीत उगवणारे हट्टी तण कसे आवरावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला हा विषय कोठून सुचला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ज्या बाया पावसाळ्यात वावरात निंदण करतात, त्याच एरवी आपल्या बंगल्यांच्या आवारात खुरपे घेऊन बसतात. आणि जो गडी पऱ्हाटीवर फवारणी करतो, त्यालाच आपण सवड पाहून बोलावतो व हिरवळीवर औषध मारावयास सांगतो. तणाचा प्रश्न हा शेवटी हातांचा प्रश्न आहे, म्हणून तो आमचाही आहे. वनस्पतिशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. हाती पडतील ती पुस्तके वाचून आणि निंदणाऱ्या बायांना विचारून जे कळले, ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम तण कशाला म्हणावे ते ठरवू. वनस्पतिशास्त्रात तण नावाची जात नाही. जे नको तेथे उगवते ते तण, ही माणसाने आपल्या सोयीने केलेली व्याख्या आहे. हरळीचे उदाहरण घ्या. गणपतीला आपण दूर्वांची जुडी वाहतो ती हरळीचीच. तीच वावरात शिरली की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण तिचे पेर मातीला टेकले की तेथे मुळे धरते. आणि घरापुढे हिरवळ करावयाची झाली, की आपण पैसे मोजून पुन्हा हरळीच लावतो. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी म्हणजे वैद्यांची मुस्ता. तिचा भाऊबंद जो नागरमोथा, तो दिवाळीच्या उटण्यात पडतो. केना, घोळ आणि तरोटा यांची भाजी पावसाळ्यात आपल्याकडे किती घरांत होते, हे येथील भगिनींना सांगावयास नको. तेव्हा तणाशी आपले वैर नाही. जागेचा वाद आहे, तो नीट समजून घेऊन मिटवावयाचा आहे. शेतात हा वाद पोटाचा असतो. 'तण खाई धन' ही म्हण तेथून आली. अंगणात तो डोळ्यांच्या सुखाचा असतो. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुढे विषाची गोष्ट निघेल तेव्हा तो उपयोगी पडणार आहे.

हिरवळ ही मुळात आपली चीज नव्हे. आपल्या घरापुढे अंगण असे. शेणसडा घालून चोपून काढलेल्या त्या अंगणात तणाला शिरावयास जागाच नसे. विलायतेत मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांभोवती गवताची मैदाने असत, आणि ती राखावयास एक तर मेंढ्या लागत किंवा विळे चालविणाऱ्या गड्यांची फौज लागे. पुढे १८३० साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रज कारागिराने गवत कापण्याचे यंत्र काढले आणि मध्यम स्थितीतल्या माणसालाही हिरवळ परवडू लागली. साहेबाबरोबर ती हिंदुस्थानात आली. गावोगावच्या सिव्हिल लाइनीतून ती आता नव्या ले-आउटांत पोहोचली आहे. घरापुढे चार हात हिरवे असावे, मुलांनी तेथे लोळावे, ही इच्छा चांगलीच आहे. परंतु हिरवळ म्हणजे एकाच गवताची वसाहत, आणि अशा वसाहतीत बाकीची वनस्पती शिरू पाहणारच.

आता शत्रूची ओळख करून घेऊ. हिरवळीतले तण दोन प्रकारचे असते. एक बियांवर जगणारे. दुसरे जमिनीखालच्या गाठींवर किंवा मुळकांडांवर जगणारे. गाजरगवत, दुधी, घोळ, एकदांडी, सराटा ही पहिल्या प्रकारची. लव्हाळा आणि काळ्या जमिनीतला कुंदा ही दुसऱ्या प्रकारची. दोघांचा उपाय वेगळा आहे, आणि तो एकच समजल्यामुळे पुष्कळ पैसा आणि पुष्कळ मेहनत वाया जाते.

लव्हाळा दिसावयास गवतासारखा, पण गवत नव्हे. त्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवावा. तीन कडा लागतात. जगातील तणांचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी १९७७ साली जगातील सर्वांत वाईट तणांचा ग्रंथ काढला, त्यात पहिला मान या लव्हाळ्याला दिला. आमच्या संतांनी पुरात वाकून तग धरणाऱ्या लव्हाळ्याला नम्रतेचा दाखला केले. शेतकरी मात्र त्याच्या नम्रतेने फसत नाही. पाने वर दिसतात तेवढा लव्हाळा थोडा, खरा लव्हाळा खाली असतो. वरच्या वीतभर मातीत त्याच्या गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळकांडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. साखळीच्या टोकाची गाठ फुटलेली असते आणि ती बाकीच्यांना निजवून ठेवते. आपण कुदळीचा एक घाव घालून साखळी तोडली, की निजलेली प्रत्येक गाठ जागी होते आणि एका रोपाच्या जागी चार उभी राहतात. आम्ही संघटनेची माणसे. आम्हांला या वनस्पतीचे कौतुक वाटते. फोडा आणि झोडा ही नीती तिच्यापुढे चालत नाही. जितकी फोडाल तितकी ती वाढते.

मग तिला आवरावयाचे कसे? तिची ठेव संपवून. गाठीत जे अन्न साठविलेले असते त्यावर पहिली पाने फुटतात. पाने मोठी झाली की ती ऊन खाऊन खाली पुन्हा नव्या गाठी भरू लागतात. उगवल्यापासून सुमारे तीन-चार आठवड्यांत हे काम सुरू होते. म्हणजे दर पंधरा-वीस दिवसांनी, नव्या गाठी बनण्यापूर्वीच, कोंब मुळाशी काढून घेतला तर गाठीतून खर्च होत राहतो आणि जमा काहीच होत नाही. कोणत्याही सावकाराचे दिवाळे अशाने निघेल. परंतु मध्ये एका महिन्याचा खंड पडला, तर पूर्वीची सारी मेहनत पाण्यात. वर्षातून एकदा आठ मजूर लावून आवार लख्ख करण्यापेक्षा एका बाईने वर्षभर नेमाने खुरपणे हे लव्हाळ्याला अधिक जड जाते.

बियांवर जगणाऱ्या तणाची ठेव निराळी. ती मातीत पेरून ठेवलेली असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात विल्यम बील या प्राध्यापकाने १८७९ साली वेगवेगळ्या तणांचे बी वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरले आणि ठराविक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरून पाहण्याची व्यवस्था केली. त्याच्या मागे त्याच्या शिष्यांनी व त्यांच्याही शिष्यांनी ते व्रत चालविले. २०२१ साली एक बाटली काढली, तेव्हा एकशे बेचाळीस वर्षे होत आली होती, तरी एका जातीचे बी रुजले. सर्वच बी इतके टिकत नाही. पण एकदा सांडलेले बी एका पावसात संपत नाही, हे यावरून कळावे. म्हणून या तणाविषयी नियम एकच: फुलण्यापूर्वी उपटावे.

गाजरगवताबाबत तर हा नियम कायद्यासारखा पाळावा. हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले, आणि तेथून देशभर पसरले. एका झाडाला हजारोंनी बी धरते. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज व फोड येतात, परागाने दमा उठतो. ते वरून कापले तर बुडख्यातून पुन्हा फुटते. म्हणून पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. कोणी त्यावर मिठाचे पाणी मारतात. हिरवळीत तसे केल्यास माती खारट होऊन गवतही मरेल. त्याला निसर्गातले दोन प्रतिस्पर्धी आहेत. मेक्सिकोतून आणलेले एक भुंगेरे १९८४ साली बंगळूरकडे सोडण्यात आले. पावसाळ्यात ते गाजरगवताची पाने खाऊन झाड खंगविते. जबलपूरची तण संशोधन संस्था या भुंगेऱ्यांची पैदास करून वाटप करते आणि ऑगस्ट महिन्यात गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे आपला तरोटा. तो दाट वाढला की गाजरगवताला जागा देत नाही. कुंपणाबाहेर तरोटा दिसला तर उपटू नये. कोवळा असताना भाजी करावी आणि उरलेला राहू द्यावा.

हे तण आपल्या आवारात येते कोठून? पुष्कळदा आपणच ते विकत आणतो. हिरवळीसाठी वावरातली काळी माती ट्रॉलीने आणतो, तिच्यात लव्हाळ्याच्या गाठी असतात. कच्चे शेणखत पसरतो, त्यात गुराच्या पोटातून सहीसलामत सुटलेले बी असते. रोपवाटिकेतून कुंडी आणतो, तिच्या मातीत एखादी गाठ लपलेली असते. म्हणून शेणखत चांगले कुजलेले घ्यावे, माती आणली तर एक पाऊस पडेपर्यंत तिचा ढीग बाजूला ठेवून त्यातून काय उगवते ते पाहावे, आणि कुंडीतली माती लावण्यापूर्वी चाळून घ्यावी.

वसंताची ही व्याख्यानमाला तणाच्या हिशेबाने अगदी मुहूर्तावर भरली आहे. वैशाखात आपल्याकडे जे ऊन पडते त्याचा आपल्याला त्रास होतो. लव्हाळ्याच्या गाठीला तर ते मरण आहे. ओलाव्यात ती वर्षानुवर्षे टिकेल, परंतु मातीबाहेर काही दिवस कडक उन्हात पडली तर सुकून मरते. ज्यांची हिरवळ लव्हाळ्याने पार गिळली असेल त्यांनी तेवढा तुकडा आताच वीतभर खणावा, ढेकळे उलटी करावी, दर आठवड्याला खालीवर करावी आणि पाणी अजिबात घालू नये. वर आलेल्या गाठी वेचून टाकाव्या. त्या कचऱ्याच्या खड्ड्यात घालू नयेत. मृगाचा पाऊस पडला की जे उरले असेल ते उगवेल. ते पहिल्या पंधरा दिवसांतच काढावे आणि मगच हरळी लावावी. पावसाळाभर पंधरवड्याची खेप चुकवू नये. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा खेपा लांबविल्या तरी चालतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हिरवळीला स्वतःचे बळ असावे. दाट गवतात तणाला ऊन मिळत नाही आणि लव्हाळ्याला सावली सोसत नाही. आपण मात्र हौसेने गवत इतके खरडून कापतो की माती दिसू लागते, आणि तणाच्या बियांना आमंत्रण जाते. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये. पाणी रोज शिंपडू नये. चार-सहा दिवसांनी एकदाच पण मुरेपर्यंत द्यावे, म्हणजे हरळीची मुळे खोल जातात. निंबाच्या दाट सावलीत हरळी येत नाही. तेथे हट्ट धरू नये, मुरूम टाकून बसावयास ओटा करावा. आणि पाण्याविषयी आपल्या गावाला अधिक काय सांगावे? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोहचे पाणी आटले, तेव्हा हंडे घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसे आपण पाहिली आहेत. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तर पडू द्यावी. ती मरत नाही, पहिल्या सरीला पुन्हा हिरवी होते.

आता बाटलीकडे येऊ. दुकानात तणनाशके मिळतात, आणि ती घेऊन एका सकाळी काम उरकावे असे पुष्कळांना वाटते. प्रत्येकाचा गुण समजून घ्यावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेले टू-फोर-डी रुंद पानांच्या वनस्पती मारते आणि गवत राखते. म्हणून ते हिरवळीला योग्य समजले जाते. परंतु लव्हाळा त्याला फारसा जुमानत नाही, आणि पऱ्हाटीला ते फार बाधते. वाऱ्याने त्याचा तुषार उडून शेजारच्या वावरात गेला तरी कपाशीची पाने आखडून वेडीवाकडी होतात. आपला जिल्हा कापसाचा, आणि आपली नवी घरे वावराच्या बांधाला लागून उभी आहेत. आपल्या हिरवळीतली एकदांडी मरावी म्हणून शेजाऱ्याची पऱ्हाटी जावी, हा कोठला न्याय? ज्या पंपाने तणनाशक मारले त्याच पंपाने पुढे गुलाबावर फवारले, तर गुलाबही जातो.

ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे. ते गवत, तण असा भेद करीत नाही. हिरवळीवर मारल्यास हिरवळच मरेल. लव्हाळ्याच्या फुटलेल्या गाठीपर्यंत ते पोहोचते, निजलेल्या गाठी त्यातून सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली त्याची गणना कर्करोगास बहुधा कारण होणाऱ्या पदार्थांत केली. इतर काही सरकारी तज्ज्ञमंडळांचे मत तसे नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ते परवानाधारक कीडनियंत्रकांखेरीज इतरांनी वापरू नये असा आदेश काढला. पॅराक्वाट तर घराच्या आवारात आणूच नये. ते पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही, आणि युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे.

हे आम्ही भीती घालण्यासाठी सांगत नाही. आपल्या जिल्ह्याने २०१७ साली जे भोगले ते आपण जाणता. त्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो लोक दवाखान्यात आले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत, हे खरे. परंतु पाठीवरचा पंप तोच, उघडा हात तोच, नाकावर बांधलेला रुमाल तोच, आणि बाटलीवरची बारीक अक्षरे वाचता न येणारा माणूसही तोच. केरळात १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरावर माणसे मेली, त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, आपल्याकडे कीटकनाशकांचा कायदा झाला. तणनाशकेही त्याच कायद्यात येतात. १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्याला संरक्षक कपडे, हातमोजे, प्रथमोपचार हे सारे लिहून ठेवले. डब्यावर रंगाची खूण आहे: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळी त्याखालोखाल, निळी मध्यम, हिरवी त्या मानाने कमी. हिरवी म्हणजे निर्धोक, असे समजू नये.

नियम झाले, पण घराच्या कुंपणाच्या आत नियम पाहावयास कोण येतो? तेथे मालक आपणच. शेतकरी तणनाशकाकडे वळतो, तेव्हा निंदणाची मजुरी परवडत नाही, वेळेवर माणूस मिळत नाही, पीक हातचे जाते, अशी त्याची अडचण असते. त्या अडचणीवर वाद होऊ शकतो, तो पोटाचा वाद आहे. हिरवळीला अशी कोणतीच अडचण नाही. लव्हाळ्याचे चार कोंब राहिले म्हणून कोणाच्या घरची चूल विझत नाही. ज्या कामावाचून आपले काहीच अडत नाही, त्या कामासाठी दुसऱ्याच्या पाठीवर विषाचा पंप चढविण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि एखाद्याने फवारावयाचेच ठरविले, तर खूण पाहावी, वारा पडलेला असताना फवारावे, गड्याला मोजे, चष्मा, अंगभर कपडे आणि हातपाय धुवावयास साबण-पाणी द्यावे, मुलांना व गुरांना दूर ठेवावे, आणि रिकामी बाटली कोणाला पाणी भरावयास देऊ नये. एवढे करावयाची तयारी नसेल तर बाटली आणूच नये.

आमची सूचना अशी. एका गल्लीतल्या दहा घरांनी मिळून खुरपणाऱ्या दोन बाया नेमाव्या. प्रत्येक घरी दर वीस दिवसांनी अर्ध्या दिवसाची खेप धरली, तर त्या दोघींना प्रत्येक खेपेला पाच दिवसांचे बांधीव काम मिळते. मजुरी दिवसावर ठरवावी, टोपल्यावर नव्हे. टोपल्यावर ठरविली की पाने भरतात आणि गाठी जमिनीत राहतात. बसावयास सावली, प्यावयास पाणी, हाताला मोजे आणि धार असलेले खुरपे द्यावे. लव्हाळ्याला नेमाने येणारा हात नको असतो, आणि मजूर बाईला नेमाने मिळणारे काम हवे असते. तणाचे शास्त्र आणि मजुराचे हित असे एका ठिकाणी येण्याचा योग क्वचितच येतो. तो आपण साधावा.

आणि जाता जाता कुंपणाबाहेरही नजर टाकावी. ले-आउटातल्या रिकाम्या प्लॉटात श्रावणात गाजरगवत कमरेएवढे होते, आणि त्याचे बी दहा घरांच्या हिरवळीत जाते. तो प्लॉट कोणाचा याची चौकशी करावी, मालकाला कळवावे, नगरपालिकेत अर्ज द्यावा, आणि फुले येण्यापूर्वी एखादी सकाळ गल्लीने मिळून घालवावी. एकट्याने आपले आवार कितीही राखले, तरी वारा कुंपण ओळखत नाही.

 वैशाख सरत आहे. ज्यांना खणावयाचे आहे त्यांच्या हातात मृगापर्यंत थोडेच दिवस आहेत. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.